नागपूरहून कंपाला: दोन वर्षांसाठी बिऱ्हाड हलवावं का?

रामटेकची_लेक

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर बुटीबोरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांना युगांडातून, कंपालाजवळच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं आहे. करार दोन वर्षांचा, पुढे वाढू शकतो. पगार डॉलरमध्ये, घर कंपनीचं, वर्षातून एकदा तिघांचं जाण्यायेण्याचं तिकीट. मुलगी चौथीत आहे. सासूबाई आमच्याजवळ राहतात, सत्तरी ओलांडली आहे, शुगर आहे. त्या म्हणतात, "तुम्ही जा, माझी काळजी करू नका." पण असं म्हटल्याने काळजी जाते थोडीच.

दोन्ही घरांतलं कोणीच आजवर परदेशात नोकरीला गेलेलं नाही. अमेरिका-जर्मनीला गेलेल्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. आफ्रिकेत संसार केलेल्या मराठी बाईने लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही. तिथे माणूस रुळतो का? मुलीला लगेच न्यावं की आधी ह्यांनी एकट्याने जाऊन बघावं? मलेरियाचं काय? आणि मी दिवसभर करू काय? महिनाभरात कळवायचं आहे. खरं खरं लिहा.

तर्री_पोहे

पहिले तर अभिनंदन! अन् गर्मीचं टेन्शन घेऊ नका जी. ज्यानं नागपूरचा नवतपा काढला त्याचं विषुववृत्त काय करून घेणार? 23 मे 2013 ले इथं 47.9 होतं. त्या दिवशी भर दुपारी मी बर्डीवर होतो.

गोरेवाडा_गेट

@तर्री_पोहे अन् ते 2024 चं 56 डिग्री विसरले काय भाऊ?

तर्री_पोहे

ते सेन्सरच बिघडलं होतं, हवामान खात्यानं सांगितलं न नंतर. त्याले बी ऊन लागलं असन!

कंपाला_वऱ्हाडी

मी वर्ध्याचा, शिक्षण नागपुरात, सध्या कंपालात सहकुटुंब. ताई, गर्मीचा विषय आधी मिटवतो. कंपाला विषुववृत्तापासून अगदी जवळ आहे, पण समुद्रसपाटीपासून जवळपास 1200 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहूनही थोडं वर. दुपारी 27-28, रात्री 17-18, बारा महिने तेच. आमच्या घरी एसी नाही, पंखाही रोज लागत नाही, रात्री पांघरूण लागतं. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबरपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. व्हिक्टोरिया सरोवर शेजारी असल्यामुळे विजा मात्र फार होतात. आभाळ भरून आलं की टीव्ही-फ्रिजचे प्लग काढायची सवय लावून घ्या.

अंगावर येतं ते वेगळंच. इथे ऋतू असे बदलतच नाहीत. दिवस-रात्र वर्षभर बारा-बारा तासांची, सकाळी पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि संध्याकाळी सातला एकदम अंधार. आपल्या मनात एक वर्ष चालू असतं. उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस, मग पोळा, मग थंडीतला हुरडा. त्या वर्षाला इथे हवेत कुठे खूणच सापडत नाही. दिवाळी आली हे कॅलेंडर बघून कळतं. माझी बायको सुरुवातीला म्हणायची, महिने जातात पण काळ पुढे सरकत नाही. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय सांगतो: सण पाळा. नागपुरात पाळत होता त्याहून जास्त पाळा. आम्ही इथल्या सुताराकडून चाकांचे लाकडी नंदी करून घेतले आणि तान्हा पोळा सुरू केला. आता अख्ख्या कंपाउंडची पोट्टी नंदी सजवतात. त्यात युगांडाची आहेत, केनियाची आहेत, आपलीही आहेत. सगळ्यांच्या आया खाऊ वाटायला दारात उभ्या राहतात.

रोजच्या गोष्टी: वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. व्होल्टेज 240, त्यामुळे आपला मिक्सर खुशाल आणा. वीज प्रीपेड मीटरवर, त्याला इथे 'याका' म्हणतात. फोनवरून पैसे भरले की आकड्यांचं टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. पैशाचा बहुतेक व्यवहार मोबाइल मनीवर, एमटीएन नाहीतर आपलं एअरटेल. भाजीवालीही तेच घेते. बोडाबोडा म्हणजे दुचाकी टॅक्सी. स्वस्त आणि पटकन मिळते, पण अपघात फार होतात. मुलीला घेऊन बसू नका.

रामटेकची_लेक

चिखलदरा ऐकून फार बरं वाटलं. नंदीचं मुलीला वाचून दाखवलं, ती आत्ताच निघायला तयार आहे. मलेरियाबद्दल कोणी सांगेल का?

मेडिकल_चौक

मी डॉक्टर आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करते. भीती असावी, पण नेमक्या गोष्टीची. आफ्रिकेतला बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो. तो आपल्याला नवा नाही. गडचिरोलीकडून नागपूरला येणाऱ्या गंभीर रुग्णांमध्ये आम्ही तो बघत आलो आहोत. वेळेवर उपचार झाला तर गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड यांवर जातो, आणि तेही दोन-चार दिवसांत. म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल देऊन उद्या बघू, हे तिथे करायचं नाही.

दुसरं. लहानपणापासून तिथे वाढलेल्या मोठ्या माणसांच्या अंगात मलेरियाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. शेजारी म्हणेल "जरासा मलेरिया झालाय" आणि कामावर जाईल. तुमच्या मुलीच्या अंगात ती शक्ती नाही, त्याचं बघून आपण तसं वागायचं नाही. औषध लावलेली मच्छरदाणी रोज वापरायची, गादीखाली नीट खोचून. हा डास मुख्यतः रात्री चावतो. प्रतिबंधक गोळ्या छोट्या मुक्कामासाठी सहज दिल्या जातात. दोन वर्षं घ्यायच्या का, कोणत्या, हे जाण्याआधी डॉक्टरांसमोर बसून ठरवा. मुलांचा डोस वजनावर असतो.

सुट्टीत नागपूरला आल्यावर कोणाला ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही युगांडातून आलोय. परतल्यावर काही आठवड्यांनीही तो येऊ शकतो. आणि इथे पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यूच डोळ्यांसमोर येतो.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टला जोडून ठेवा. 2016 पासून एक डोस आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. युगांडात शिरताना ते लागतं, आणि भारतात परतताना नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सासूबाई पुढे भेटायला येणार असतील तर हे आत्ताच लक्षात घ्या: साठीनंतर ही लस पहिल्यांदा देताना जास्त विचार करावा लागतो. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

फुटाळा_किनारा

तिथे मलेरियाची लसही आली आहे ना? आर21 नावाची, पुण्याच्या सीरममध्ये बनते.

मेडिकल_चौक

हो. ऑक्सफर्डने विकसित केली, बनवते सीरम. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये तिची शिफारस केली आणि युगांडात एप्रिल 2025 पासून ती द्यायला लागले. पण ती तिथल्या तान्ह्या मुलांसाठी आहे. चौथीतल्या मुलीला मच्छरदाणी आणि वेळेवर रक्ततपासणी हेच.

खामला_किचन

आम्ही काही वर्षं जिंजाला होतो, नाईल जिथे सरोवरातून बाहेर पडते ते गाव. ताई, खाण्याचे हाल होत नाहीत. तूर तिथेच पिकते, उत्तरेला लिराच्या बाजूला. ज्वारीही पिकते, पण पीठ पेजेसाठी दळलेलं, जाडसर असतं. ते चाळून, उकळत्या पाण्यात उकड घेऊन थापलं की भाकरी छान पदर सोडते. बाजारात डोडो नावाची पालेभाजी मिळते, तो आपला हिरवा माठ. लसणाची फोडणी द्या, घरी आल्यासारखं वाटतं. मटोके म्हणजे कच्ची केळी केळीच्याच पानांत गुंडाळून वाफवतात आणि मऊ लगदा करतात. त्यावर शेंगदाण्याचं कालवण. शेंगदाणे खाऊन वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला ते पहिल्याच घासात आवडतं. रस्त्यावर रोलेक्स खा. चपातीत भाज्या घातलेलं ऑम्लेट गुंडाळून देतात. चपाती तिकडे आपल्याच लोकांनी नेली, आता ती त्यांचीच झाली आहे.

तिखट मात्र न्यावंच लागतं. सावजी मसाला, गोडा मसाला, मेथ्या, ओवा. फक्त एक लक्षात ठेवा: दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस सामानात नको. तिथे तिला बंदी आहे. सावजी मसाल्यात खसखस असते, म्हणून मसाला खसखस वगळून करून घ्या.

आणखी एक, जे आम्हाला शेजारच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर मँगो फ्लाय नावाची माशी अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि गळू येतं. त्यामुळे बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, आतले कपडे आणि चादरीसुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री केल्याशिवाय घालायचा नाही.

काटोलचा_बागायतदार

विषय वेगळा आहे पण राहवत नाही. तिथं संत्री कशी भेटतात?

कंपाला_वऱ्हाडी

हिरवी! वरून पार हिरवी, आतून पिकलेली अन् गोड. सुरुवातीला मी कच्ची समजून घेतच नव्हतो.

काटोलचा_बागायतदार

बरोबर आहे. साल पिवळी-केशरी व्हायले रात्रीचा गारवा लागते. तुमच्याकडं रात्र 17 च्या खाली जातच नसन तर हिरवा रंग सालीतून जाणार कसा? आपल्याकडंही आंबिया बहाराचा पहिला माल, थंडी पडायच्या आधी तोडलेला, हिरवट असते. मृगाचा माल अख्खी थंडी झाडावर काढते म्हणून त्याले असा रंग येते. पोरीले सांगा, रंग पाहू नको, वजन पाहून घे.

जुना_मोंबासा

माझी बरीच नोकरी मोंबासा-नैरोबीत गेली, कामानिमित्त कंपालाही खूप पाहिलं. आता त्रिमूर्तीनगरात निवृत्त आहे. ताई, सामानाची यादी होईल. त्याआधी मिस्टरांना आणि मुलीलाही थोडा इतिहास सांगून ठेवा, कारण तिथे पाय ठेवल्याबरोबर तुम्ही त्या इतिहासात उभे असता.

1896 ते 1901 या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. तिच्यासाठी 30 हजारांहून जास्त मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेले. सुमारे अडीच हजार तिथेच मेले. मागून दुकानदार आले, कापसाचे जिन आले, साखर कारखाने आले. पुढे बराचसा व्यापार आशियाई लोकांच्या हाती गेला आणि स्थानिक माणूस त्यांच्याकडे नोकर राहिला. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने त्यांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली माणसं थोडंसं सामान घेऊन विमानात बसली. 1986 मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले, त्यानंतर अनेकांना परत बोलावलं गेलं, मालमत्ता परत मिळाल्या. आज तिथे पुन्हा कितीतरी कारखाने, दुकानं, हॉटेलं भारतीय वंशाच्या लोकांची आहेत.

याचा तुमच्याशी संबंध असा. तुमचे मिस्टर पगारदार माणूस आहेत, पाना घेऊन मशीनखाली शिरणारे. पण फाटकाबाहेरच्या माणसाला ते मालकांच्या बाजूचे दिसतात. कोणी रागाने बोललं तर ते आपल्या एकट्यावर घेऊ नये, आणि आपण मालक असल्यासारखं तर मुळीच वागू नये. त्या देशात आपल्याबद्दल आदरही आहे. जिंजाला नाईलच्या उगमापाशी 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित केला होता. तिथे त्यांचा पुतळा आहे. मुलीला घेऊन नक्की जा.

अनुभव_गाठीशी

इतिहास ठीक आहे. मी पूर्व आफ्रिकेत कारखान्याचा स्टोअर सांभाळलाय, व्यवहाराचं बोलतो. आपल्या लोकांत राहा. मंदिर आहे, गुजराती मंडळी मदतीला येतात, रविवारी क्रिकेट असतं. कंपाउंडच्या भिंतीच्या आत सगळं मिळतं. घरकामाच्या बाईला, चौकीदाराला अंतरावर ठेवा. जास्त गोडीत घेतलं की उसनं मागतात, मग वस्तू जायला लागतात. आमच्या कंपाउंडमध्ये सगळ्यांकडे नोकरांचे कप-ताटल्या वेगळ्या होत्या, कोणाची तक्रार नव्हती.

इंदोऱ्याची

@अनुभव_गाठीशी तक्रार कोणाजवळ करणार होते ते? पगार ज्याच्या हातात त्याच्याजवळ?

मी केनियात किसुमूला एका शिक्षणसंस्थेत शिकवत होते. तिथल्या काही भारतीय घरांत वेगळा कप बघितला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. माझ्या आजीला तो कप माहीत होता. तिने 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर उभं राहून तो मागे टाकला. ज्या गावात हे घडलं त्या गावचा माणूस समुद्र ओलांडून जातो आणि तोच कप दुसऱ्याच्या हातात देतो, हे मला सहन होत नाही. तुम्ही ती कंपाउंडची पद्धत म्हणता. आपल्याकडेही ती पद्धतच होती.

रामटेकची_लेक, तुम्ही विचारलंत माणूस रुळतो का. मी बघितलं ते सांगते. भिंतीच्या आत राहिलेली कुटुंबं वर्षानुवर्षं तिथे असूनही रुळली नव्हती. त्यांना देशाची भीतीच वाटत राहिली, कारण त्यांना तिथला एकही माणूस नावाने आणि घरादाराने माहीत नव्हता. घरी काम करणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी विचारा: मुलं किती, गाव कुठलं, आई आहे का. तिच्यासोबत बसून चहा घ्या. पगार ठरल्या तारखेला द्या. आजारपणाची सुट्टी द्या. हे उपकार नाहीत. आपण हिंगण्यात किंवा बुटीबोरीत कामगार म्हणून जे मागतो तेच आहे.

तर्री_पोहे

ताई, जयभीम. एक नंबर बोलल्या.

अनुभव_गाठीशी

कपाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. चोरीचं मात्र मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या स्टोअरमधून केबलचे ड्रम गेले होते, घरातून गॅस सिलिंडर गेलं होतं. नवीन माणसाला सावध करणं चूक नाही.

कंपाला_वऱ्हाडी

सावध राहायलाच हवं. रात्री पायी फिरू नये, गाडीची काच खाली करून फोनवर बोलू नये, रोख घरात ठेवू नये. हे इथला युगांडाचा माणूसही स्वतःच्या मुलांना सांगतो. पण सावध राहायला अंतर ठेवावं लागत नाही. आमच्या गल्लीत रात्री चोर शिरले तेव्हा पहिली हाक आमच्या चौकीदाराने दिली आणि शेजारची युगांडाची कुटुंबं काठ्या घेऊन बाहेर आली. ज्यांच्याशी रोज बोलता तेच धावतात.

बोलण्यावरून आठवलं. इथे कामाचं आधी बोललं की उद्धट समजतात. दुकानात, ऑफिसात, फाटकावर आधी कसे आहात, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत. मग काम. मिस्टरांना हे खास सांगा. मेंटेनन्सचा माणूस मशीन बंद पडलं की धावत येऊन थेट ओरडतो, आपल्याकडे ते चालून जातं. इथे माणसं गप्प होतात आणि मग काम पुढे सरकत नाही. दोन मिनिटं विचारपूस केली की तोच फिटर रात्री अकराला फोन उचलतो. लुगांडा थोडी शिका. इंग्रजीवर भागतं, पण बाजारातल्या बाईशी तिच्या भाषेत चार शब्द बोललं की पुढच्या वेळी ती हाक मारून बोलावते.

करार_वाचा

भावनेच्या गोष्टी झाल्या, आता कागदाच्या. माझा भाऊ एका एजंटमार्फत आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशात गेला होता. तिथे पोहोचल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि पगाराचा अर्धा भाग स्थानिक चलनात द्यायला लागला. म्हणून सांगतो.

वर्क परमिट कंपनीने काढून द्यायचं, नूतनीकरणाचा खर्चही तिचाच, हे करारात लिहून घ्या. टूरिस्ट व्हिसावर या, मग बघू, असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. पगार कोणत्या चलनात, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, तेही लिहून घ्या. वैद्यकीय विमा तिघांचा हवा आणि गंभीर आजारात नैरोबीला किंवा भारतात हलवण्याचा खर्च त्यात हवा. हे कलम अजिबात सोडू नका. करार मधेच संपला तर परतीचं तिकीट कोण देणार तेही. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला द्यायचा नाही, कायद्याने ती भारत सरकारची मालमत्ता आहे. पोहोचल्यावर कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात नोंदणी करा.

इथल्या बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करून घ्यावं लागतं. आयकरात त्या वर्षी भारतात किती दिवस राहिलात याचा, 182 दिवसांचा हिशेब असतो. कोणत्या महिन्यात निघता यावर पहिल्या वर्षीचा कर अवलंबून राहू शकतो, सीएला विचारून तारीख ठरवा.

परत_आलेली

मी वेगळं लिहिणार आहे. आम्ही पश्चिम आफ्रिकेत होतो, मी मुलाला घेऊन मुदतीआधी परतले. देश वाईट नव्हता. मी इथे शाळेत शिकवत होते, तिथे डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी सातला जायचा, रात्री यायचा, कारखाना शहरापासून लांब, गाडी एकच. घरकामाला बाई, स्वयंपाकाला मदत. सगळे म्हणायचे, किती आराम आहे. मला तो आराम खायला उठायचा. रडू येण्यासारखं काही घडलेलं नसताना रडू यायचं. इथे फोन केला की लोक म्हणायचे, डॉलर मिळताहेत ना.

ताई, "मी दिवसभर करू काय" हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलात. तो सगळ्यात आधी सोडवा. युगांडातही डिपेंडंट पासवर काम करता येत नाही, तुमच्यासाठी वेगळं परमिट लागेल. घर कारखान्याच्या आवारात आहे की शहरात, हे विचारा. शहरात मागा. गाडी आणि चालक आठवड्यातून किती वेळा तुमच्यासाठी मोकळा असेल, हे विचारा.

खामला_किचन

@परत_आलेली तुमचं अक्षर अन् अक्षर पटलं. जिंजात पहिले काही महिने माझंही असंच झालं होतं. मी एका चर्चच्या शिवणवर्गात जायला लागले, शिकवायलाही नाही, शिकायला. तिथल्या बायकांनी मला गोमेसी, म्हणजे तिथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख, शिवायला शिकवला, मी त्यांना फॉल-पिको शिकवलं. पगार नव्हता, पण आठवड्याचे तीन दिवस माझे होते. त्यातल्या एकीच्या मुलीच्या लग्नाला मी अख्खी रात्र जागले आहे.

रामटेकची_लेक

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचायला लावलं. घर कारखान्याच्या आवारात आहे असं काल विचारल्यावर कळलं. आम्ही शहरात मागतो आहोत. शाळेबद्दल आणि सासूबाईंबद्दल कोणी सांगेल? माझं मन खरं तर तिथेच अडकलंय.

कंपाला_वऱ्हाडी

शाळा: भारतीय अभ्यासक्रमाची आहे, ब्रिटिश पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, फी बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये. कंपनी किती देते ते लिहून घ्या. युगांडाच्या शाळांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, ब्रिटिश पद्धतीच्या शाळांचं सप्टेंबरात, भारतीय अभ्यासक्रमाचं एप्रिलच्या सुमारास. दोन वर्षांनी परत यायचं पक्कं असेल तर भारतीय अभ्यासक्रम धरा. मराठी वाचन घरी चालू ठेवा, रोज एक पान तरी.

जुना_मोंबासा

सासूबाईंबद्दल मी बोलतो, कारण माझी आई नागपुरात होती आणि मी तिकडे. युगांडाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हे मोठं सुख आहे. अमेरिकेसारखी रात्र-दिवसाची उलथापालथ नाही. तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे साडेआठ. रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा, पाच मिनिटं का होईना. तो चुकला की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. त्यांच्या जवळ राहणारं एक माणूस पगार देऊन ठेवा, नातेवाइकांच्या भरवशावर सोडू नका. शेजारच्या एकाकडे किल्ली, डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी आणि तातडीसाठी थोडे पैसे द्या. आणि स्वतःजवळ दोन तिकिटांचे पैसे कायम वेगळे ठेवा, त्यांना कशासाठीही हात लावायचा नाही. युगांडा एअरलाइन्सने 2023 मध्ये कंपालाजवळच्या एंटेबे विमानतळावरून मुंबईला थेट विमान सुरू केलं, त्यामुळे निघालात की दुसऱ्या दिवशी नागपूर गाठता येतं.

आणि त्या "तुम्ही जा" म्हणतात ते कशासाठी, हे एकदा निवांत बसून विचारा. माझी आईही म्हणाली होती. तिला खरंच वाटत होतं की मी जावं, आणि तिला भीतीही होती. दोन्ही ऐकून घ्यावं लागतं.

इंदोऱ्याची

+1. आणि त्यांच्यासमोर बसून ठरवा, त्यांच्यासाठी ठरवू नका.

रामटेकची_लेक

काल रात्री तिघं बसलो. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, एकटं राहायची भीती नाही, रात्री शुगर उतरली तर कोणाला उठवू ही भीती आहे. त्यांची चुलत बहीण काटोल रोडला एकटीच असते, ती यायला तयार आहे. दिवसा एक बाई ठेवू.

मग असं ठरलं: हे आधी जाणार. शहरातलं घर, विमा आणि शाळेची फी लिहून मिळाली की मुलीचं इथलं वर्ष संपवून एप्रिलमध्ये आम्ही दोघी. विमा आणि हलवण्याचा खर्च कंपनीने मान्य केलाय, घराचं उत्तर यायचंय. घराला नाही म्हणाले तर हे एकटे एक वर्ष करतील, आम्ही सुट्टीत जाऊ.

@मेडिकल_चौक ताई, लस आम्ही दोघी आत्ताच घेऊन ठेवली तर चालेल ना? @खामला_किचन तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, शिवणवर्गाबद्दल.

मेडिकल_चौक

चालेल, एकदाच घ्यायची आहे. मुलीच्या बाकीच्या लसींचं कार्डही सोबत न्या, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए झालं नसेल तर तेही बघा. आणि एक राहिलंच: सरोवराकाठी सहलीला जाल तेव्हा मुलीला पाण्यात पाय बुडवू देऊ नका. गोगलगायींमधून पसरणारे बिलहार्झियाचे जंत कातडीतून आत शिरतात. पोहायचं तर तरणतलावात.

खामला_किचन

निरोप बघितला, आज रात्री सविस्तर लिहिते. मिस्टरांच्या बॅगेत चांगली इस्त्री ठेवा, तिकडे महाग पडते. आणि पोळपाट न्या, परातीवर भाकरी थापता येईल पण पोळीला पोळपाटच लागतो.

तर्री_पोहे

अन् पोहे! जाडे पोहे तिकडं भेटतात का नाही ते कोणीच सांगितलं नाही जी.

कंपाला_वऱ्हाडी

भेटतात, भारतीय दुकानात. चणे पण भेटतात. तर्री आपली आपण करायची.